अर्धा इंची

तीन गेल्या एका रात्रीत.
परसभर पिसं, आणि जाळी जिथल्या तिथे,
ताठ, षटकोनी, नवीकोरी.
दुकानदार हिलाच कोंबडीजाळी म्हणतो.
नाव खोटं नाही. कोंबडी अडते हिच्यात.
मुंगूस अडत नाही.
मुंगसाचं डोकं शिरलं की बाकीचं अंग मागोमाग येतं,
पाहुण्यांसारखं.

मग तुर्भ्याहून टेम्पोत टाकून आणली
अर्धा इंची वेल्डमेश, दोन गुंडाळ्या.
भाव ऐकून चांगुणा म्हणाली,
"एवऱ्यान बाजारच्या कोंबऱ्या वरीसभर खाल्ल्या असत्या."
मी हिशेब मांडला नाही.
बत्तीस वर्षं बेलापूर रोडच्या कंपनीत पाइप जोडले.
कंपनी गेली, तिच्या जागी काचेची इमारत आली,
पण हाताला अजून गळती कळते.

घराच्या मागे चर खणला, दीड हात खोल.
वरची वीतभर भरणी: विटा, फरशीचे तुकडे,
कुणाचा तरी दात घासायचा ब्रश.
त्याखाली काळा चिखल, चिखलात शिंपल्या.
तेव्हा कळलं कुदळ कुठे पोचली ते.
हे आमचं खारं शेत. बाप रात्री कंदील घेऊन
बांधावरून फिरायचा, वाकून वाकून,
म्हणायचा, "पानी मोठ्या दारानं नाय येत,
चिंबोरीचे बिलातून येतं."
मी तेव्हा झोपेत हूं म्हणायचो.

तळाशी जाळी काटकोनात बाहेर वळवली,
दोन वीत, आणि वर माती ओढली.
उकरणारं जनावर कुंपणाला नाक लावूनच उकरतं.
दोन पावलं मागे सरून उकरावं
हे त्याला सुचत नाही.
मलाही कैक वेळा सुचलेलं नाही.

छपरालाही तीच जाळी, घारीसाठी.
दाराला दोन कड्या, एक वर एक खाली,
कारण शेजारच्या हिराजीचा बोका
एक कडी पंजानं उचलतो, आम्ही पाहिलंय.

मग परीक्षा. मी आत बसलो, गुडघे हनुवटीला,
आणि चांगुणा लाटणं घेऊन बाहेरून फिरली.
जिथे लाटणं शिरेल तिथे मुंगूस शिरेल,
हा तिचा शोध.
कोपरे टोचले, सांधे टोचले,
चौकटीखालून लाटणं सरळ माझ्या पायाला लागलं.
ती इतकी हसली की बॅटरी पडली हातातली.
त्या फटीत अर्धी वीट, वर सिमेंट.
पोळ्या दुसऱ्या दिवशी त्याच लाटण्यानं.

चौथ्या रात्री कोल्हा आला.
खाडीच्या अंगानं, तिवरांतून, चिखलाचे पाय घेऊन.
समोरच्या टॉवरचे दिवे त्याच्या पाठीवर.
कुंपणाशी उकरलं, जाळी लागली.
सरकला, उकरलं, जाळी लागली.
चारी बाजू झाल्यावर खाली बसला,
जसा तलाठ्याच्या कचेरीबाहेर माणूस बसतो,
आणि मग गेला.
खिडकीत मी. जिंकल्यासारखं वाटलं,
आणि लगेच, कुणी दारातून उपाशी गेल्यासारखं.
आत आठजणी एकमेकींना चिकटून,
एकीलाही जाग नाही.

रविवारी जावई आले.
दोन्ही कड्या मीच काढल्या.
आवाज झाला नाही, तेल नवं होतं.

आता उरल्या सात, आणि लंगडी.
लंगडी पहिल्या दिवसापासून आत येतच नाही.
दाणे दाखवले, शिव्या दिल्या,
एकदा धरून कोंडलं तर रात्रभर कोकलली.
ती शेवग्यावर झोपते, वाकलेल्या फांदीवर,
कावळ्यांच्या, बोक्याच्या, सगळ्या आकाशाच्या समोर.
रोज पहाटे वाटतं, आज नसेल.
रोज पहाटे दाराशी उभी असते, बाहेरून,
मान तिरकी करून त्या दोन कड्यांकडे बघत,
मी दाणे घेऊन कधी येतो याची वाट पाहत.